पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोसाठी बंबलबी: आपल्याकडे आणावी का?

विहीरकाठ
नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमची शेती आहे. उघड्यावरचा टोमॅटो घरात वडिलांपासून चालत आलाय. अलीकडे अर्ध्या एकरावर पॉलिहाऊस टाकलं आणि त्यात चेरी टोमॅटो घेतोय. झाड जोमात आहे, घोस भरगच्च लागतात, पण सेटिंग, म्हणजे फळधारणा, मनासारखी होत नाही. फुलाच्या देठाला मध्यावर जी गाठ असते ना, तिथून पिवळं पडून फूल अलगद गळतं. सकाळी चालताना वाफ्यावर पिवळा सडा दिसतो आणि जीव तुटतो.

परवा एका शेतकरी मेळाव्यात एका कंपनीचा माणूस सांगत होता की हॉलंडमध्ये बंबलबी सोडल्याशिवाय कोणी काचगृहात टोमॅटो लावतच नाही. पुठ्ठ्याची पेटी आणायची, झाकण उघडायचं, बाकी काम माशी करते. आपल्याकडेही लवकरच येईल म्हणाला.

मला तीन गोष्टी कळायला हव्यात. ही माशी खरंच एवढं काय करते? आपल्याकडच्या पेटीतल्या मधमाश्या, सातेरी किंवा मेलिफेरा, ते काम का करू शकत नाहीत? आणि ती इथे आणणं शहाणपणाचं आहे का? जाणकारांनी मनमोकळं लिहावं.

नचिकेत_क
बंबलबी म्हणजे आपला काळा भुंगाच ना? आमच्या गच्चीतल्या बांबूला भोकं पाडून बसलाय एक.

रानवेडा
नाही नचिकेत, तो वेगळा. तुमच्या गच्चीतला तो झायलोकोपा, म्हणजे लाकूड कोरणारा भुंगा. त्याचं पोट काळं, गुळगुळीत, चकचकीत. बंबलबीच्या अंगभर दाट लव असते आणि त्यावर पिवळे, पांढरे, तांबूस पट्टे. भुंगा बहुधा एकटा राहतो. बंबलबी वसाहत करते, पण छोटी. मधमाश्यांच्या पोळ्यात हजारोंनी माश्या असतात, हिच्या घरट्यात काही डझन ते काही शेकडा. तेही एका हंगामापुरतं. हिवाळ्याच्या तोंडावर सगळी वसाहत संपते, फक्त नव्या राण्या जमिनीत झोपून राहतात आणि वसंतात प्रत्येक जण एकटीने नवा संसार मांडते.

जगात अडीचशेहून अधिक जाती आहेत, भारतात सुमारे ४८. जवळपास सगळ्या हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. महाराष्ट्रात एकही नाही. सह्याद्रीत कोणी "बंबलबी दिसली" म्हणून फोटो टाकला की तो भुंगाच निघतो.

वेस्टलँडकर
विहीरकाठ, मी नेदरलँड्समध्ये, वेस्टलँड भागातच राहतो. इथे क्षितिजापर्यंत काचगृहं आहेत आणि कामानिमित्त त्यांत रोजचं जाणं-येणं आहे.

त्या माणसाने सांगितलं ते खरं आहे. १९८७ च्या आधी इथले शेतकरी विजेवर थरथरणारी कांडी घेऊन ओळीओळीने फिरायचे आणि एकेका घोसाला टेकवायचे. आठवड्यातून दोन-तीनदा, अख्ख्या काचगृहात. मजुरी किती जात असेल विचार करा. मग बेल्जियममधल्या रोलाँ द यॉंग्ह या पशुवैद्याच्या लक्षात आलं की बंबलबी हे काम कितीतरी चांगलं करते. त्याने १९८७ मध्ये त्या वाढवून विकायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच त्या कांड्या अडगळीत गेल्या.

याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. माशी आत सोडली की शेतकऱ्याला वाटेल ते औषध मारता येत नाही, नाहीतर माशीच मरते. त्यामुळे इथे कीड खाणाऱ्या मित्रकीटकांवर भर वाढला. माझ्या मते परागीभवनाइतकंच हे मोलाचं आहे.

आणि माशी काम करतेय का हे कसं बघतात माहितीय? फूल हातात घ्यायचं आणि मधल्या पिवळ्या सुळक्याकडे बघायचं. माशी जबड्याने तो सुळका घट्ट धरून लटकते, तिथे तपकिरी डाग उमटतो. सुपरवायझर मंडळी रोज फुलं वाकवून हे डाग तपासतात. फुलं डागाळलेली असली की निर्धास्त. पार काळी पडली तर माश्या जास्त झाल्या, फुलं कमी.

हुरडा
माहिती छान, पण मूळ मुद्दाच पटत नाही. टोमॅटो स्वपरागीभवन करणारं पीक आहे. एकाच फुलात नर-मादी दोन्ही. नारायणगावच्या बाजारात रोज हजारो क्रेट येतात, त्यांना कोणी पेटी लावली होती? वारा पुरतो. हे कंपन्यांनी नवीन काहीतरी गळ्यात मारायचे धंदे आहेत.

रानवेडा
हुरडा, स्वपरागीभवन म्हणजे आपोआप होतं असं नाही. टोमॅटोच्या फुलात पुंकेसर एकमेकांना चिकटून सुळका तयार होतो आणि पराग त्या नळीच्या आत असतात. नळी हलली तरच ते टोकातून खाली सांडतात. उघड्यावर वारा हे काम बऱ्यापैकी करतो, म्हणून नारायणगावचे क्रेट भरतात. पॉलिहाऊसला चारी बाजूंनी प्लॅस्टिक आणि बारीक जाळी. वारा नाही, कीटकही नाही. म्हणून विहीरकाठ यांची फुलं गळतायत.

बंबलबी सुळक्याला लटकते, उडायचे स्नायू पंखांपासून जणू सुटे करते आणि पंख न हलवता फक्त अंग थरथरवते. सेकंदाला तीनशेच्या आसपास कंपनं. पराग भसकन तिच्या पोटावर पडतात. मधमाशीला हे जमतच नाही. शिवाय टोमॅटोच्या फुलात मकरंद नसतो, त्यामुळे मधमाशी तिकडे फिरकतही नाही. काचगृहातल्या बंबलबीच्या पेटीत साखरपाणी ठेवावं लागतं ते याचसाठी.

वांगं, बटाटा, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांचे परागही असेच थरथरवून काढावे लागतात.

कुंदाताई
मी ठाण्याला बाल्कनीत टोमॅटो लावते. अठराव्या मजल्यावर कुठली माशी येणार? मी बॅटरीवरचा टूथब्रश फुलाच्या देठाला क्षणभर टेकवते. काळा कागद खाली धरला तर पिवळी पूड पडलेली स्वच्छ दिसते. नातवंडांना दाखवायला फार मजा येते. टूथब्रश ह्यांचा होता, आता झाडांचा झालाय. 😀

पिठलंभाकरी
कुंदाताई 🙏 काकांच्या दातांची काळजी वाटते.

बाकी तो फॉरवर्ड आठवला, की विज्ञानाच्या नियमाने बंबलबी उडूच शकत नाही, पण तिला ते माहीत नाही म्हणून ती उडते. हे खरं आहे का हो?

अबोली_एडिनबरा
अजिबात नाही. विमानाच्या ताठ पंखाचं गणित तिला लावलं की उत्तर चुकीचं येणारच. तिचे पंख मागेपुढे फिरतात, कलतात आणि पंखाच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो, तो तिला उचलून धरतो. विज्ञानाला हे नीट कळलेलं आहे.

मी स्कॉटलंडमध्ये राहते. इथे बंबलबीचं खरं मोल थंडीत कळतं. मार्चमध्ये बाहेर जेमतेम आठ-नऊ अंश, झिमझिम पाऊस, मधमाश्या पेटीतून डोकं बाहेर काढत नाहीत आणि त्याच वेळी क्रोकसच्या फुलात बंबलबीची राणी बसलेली असते. उडण्याआधी ती स्नायू थरथरवून स्वतःचं अंग तीस अंशांवर तापवते. घरट्यातही अंड्यांवर अंग टेकून बसते आणि त्यांना ऊब देते. सफरचंद, प्लम, चेरी ही झाडं इथे अशा हवेतच फुलतात. ही माशी नसती तर कित्येक वर्षी फळच धरलं नसतं, असं इथले बागवाले बोलून दाखवतात.

आणखी एक. न्यूझीलंडला ब्रिटिशांनी गुरांसाठी लाल क्लोव्हर नेलं. चारा उगवला, पण बी धरेना, कारण त्या खोल नळीच्या फुलात पोचेल एवढी लांब जीभ तिथल्या कोणत्याच माशीला नव्हती. शेवटी १८८५ मध्ये इंग्लंडहून बंबलबीच्या राण्या बोटीने नेऊन सोडल्या आणि बी मिळू लागलं. त्यातली एक जात पुढे ब्रिटनमधूनच नामशेष झाली. १९८८ नंतर ती इथे दिसली नाही. २०१२ पासून स्वीडनहून राण्या आणून तिला परत वसवायचा प्रयत्न झाला. फुलांची कुरणं नांगरून टाकली त्याची ही किंमत. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

हुरडा
चला, म्हणजे न्यूझीलंडला परदेशी माशीचा फायदाच झाला की! मग आपण आणली तर काय बिघडलं? टोमॅटो परदेशी, मिरची परदेशी, बटाटा परदेशी. मेलिफेरा माशीसुद्धा युरोपातलीच. नेमकं बंबलबीलाच का अडवायचं?

रानवेडा
प्रश्न रास्त आहे. मिरचीचं रोप लावलं तिथेच राहतं. बंबलबीची राणी मात्र पॉलिहाऊसच्या फटीतून निघाली की जंगलात घर करते, आणि सोबत तिच्या पोटातले परजीवीही जातात.

चिलीने १९९७-९८ च्या सुमारास काचगृहातल्या टोमॅटोसाठी युरोपातली बंबलबी आणली. शेजारच्या अर्जेंटिनाने परवानगी दिली नव्हती. माशीला सीमा कुठे कळते? २००६ मध्ये ती अँडीज ओलांडून अर्जेंटिनात दिसली. पॅटागोनियाची स्वतःची एक बंबलबी आहे, डालबोमी. केशरी लव, राणी तीन सेंटीमीटरच्या आसपास, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. परकी माशी जिथे जिथे पोचली तिथून ती झपाट्याने हटली. आज तिची नोंद धोक्यातल्या जातींमध्ये आहे. जपाननेही तीच माशी टोमॅटोसाठी आणली, ती होक्काइदोत मोकाट सुटली आणि २००६ मध्ये त्यांना कायद्याने तिच्यावर बंधनं आणावी लागली. ऑस्ट्रेलियाने शहाणपण केलं. टास्मानियात ती १९९२ पासून आहे, पण मुख्य भूमीवर शेतकऱ्यांनी मागणी करूनही आणू दिलेली नाही.

आपल्याकडे ४८ जाती हिमालयात आहेत. युरोपातली माशी पुण्यात सोडली आणि कोणी तीच पेटी उद्या शिमल्याला नेली तर? वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे जिवंत कीटक बाहेरून आणायला परवाना लागतो, आणि तो नियम योग्यच आहे.

देवदार
माझा विषय निघाला म्हणून लॉग इन केलं. मी राहुरीला पदवी केली आणि पुढे हिमाचलला सोलनजवळच्या नौणी विद्यापीठात शिकायला होतो. बाहेरची माशी आणायची गरजच नाही, कारण तिथे देशी बंबलबी, हेमोरॉयडॅलिस, पेटीत वाढवण्याचं काम झालंय आणि पॉलिहाऊसमधल्या टोमॅटोवर ती वापरून पाहिली आहे. फळधारणा वाढते, फळ वजनदार आणि बीदार होतं.

पण काम किचकट. वसंतात जमिनीलगत घरटं शोधत घोंघावणाऱ्या राण्या जाळीने पकडायच्या, अंधाऱ्या खोलीत ठरावीक उबेत ठेवायच्या, साखरपाणी आणि ताजे परागाचे गोळे द्यायचे. काही राण्या घर मांडतात, बऱ्याच मांडत नाहीत. एखादीने परागाच्या गोळ्यासमोर मेणाचं पहिलं कुंडं बांधलं की आमच्या खोलीत पेढे वाटल्यासारखा आनंद व्हायचा. त्या कुंड्यात ती मध साठवते आणि त्याकडे तोंड करून अंडी उबवत बसते.

हीच माशी सिक्कीममध्ये मसाला वेलचीची मुख्य परागवाहक आहे. वेलचीचं फूल जमिनीलगत उमलतं, एकच दिवस टिकतं, आणि तेव्हा तिथे पाऊसपाणी, धुकं. तशा हवेत हीच फिरते. बिर्याणीत मसाला वेलची टाकताना हिची आठवण ठेवा.

विहीरकाठ, तुमच्यासाठी मात्र एक अडचण सांगतो. ही थंड हवेची माशी आहे. तीस-बत्तीस अंशांच्या वर गेलं की कामकरी माश्या फुलं सोडून घरट्यात पंखाने वारा घालत बसतात. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या पॉलिहाऊसमध्ये पारा किती जातो?

विहीरकाठ
देवदार, दुपारी ३८-३९ सहज. पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर चालू ठेवूनसुद्धा.

देवदार
मग आधी तापमान. ३५ च्या वर दिवस आणि २२-२३ च्या वर रात्र गेली की टोमॅटोचे परागच निकामी व्हायला लागतात. तेव्हा कितीही चांगली माशी आणा, फूल गळणारच. शेडनेट आणि हवा खेळती ठेवणं आधी, माशी नंतर.

तापीकाठची_लता
मी जळगावकडची, भरिताची वांगी करते. आमच्या भागात वांग्याच्या फुलावर सकाळी भुंगे येतात ते मी लहानपणापासून बघतेय. फुलावर येईपर्यंत आवाज जाड असतो, फुलाला बिलगला की एकदम बारीक, चढा आवाज येतो, थांबतो, परत येतो. आज या धाग्यामुळे त्यामागचं कारण कळलं, धन्यवाद.

भुंग्याशिवाय निळसर पट्ट्यांची एक माशी येते, फुलासमोर हवेत स्थिर राहते आणि मग झडप घालते. ती कोणती?

वांगीवाल्यांसाठी एक निरीक्षण: वांग्याच्या झाडावर सगळीच फुलं फळ धरत नाहीत. ज्या फुलात मधली हिरवट काडी पिवळ्या पुंकेसरांच्या बाहेर आलेली असते तीच धरतात. काडी आत दडलेली असली की ते फूल गळणार, त्याला माशीचाही इलाज नाही. पण लांब काडीच्या फुलावर भुंगा येऊन गेला की वांगं भरदार होतं. भावकीतल्या एकांनी पांढऱ्या माशीसाठी भर सकाळी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं, त्यानंतर त्यांच्या बांधावर भुंगे दिसेनासे झाले. आम्ही आता फार गरज पडली तरच, आणि तेही सूर्य मावळल्यावर मारतो.

रानवेडा
लताताई, ती अमेगिला, निळ्या पट्ट्यांची माशी. तीही थरथरवून पराग काढते. मातीच्या भिंतीत, बांधाच्या उघड्या मातीत बीळ करते. ऑस्ट्रेलियाने बंबलबीला नाही म्हटल्यावर तिथल्या संशोधकांनी काचगृहातल्या टोमॅटोसाठी त्यांची देशी अमेगिलाच तपासली आणि ती काम करते हे दाखवलं. युरोपने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मधमाश्या आणि बंबलबी यांच्यासाठीच.

माझं म्हणणं इथेच येतं. जे काम युरोपात बंबलबी करते, ते आपल्याकडे भुंगा आणि अमेगिला फुकटात करतात, तेही आपल्या उन्हात. शेवगा, तूर, ताग या सगळ्यांवर भुंगा राबतो. पॅशनफ्रूटचं फूल एवढं मोठं की मधमाशी खालून पराग चोरून जाते, वरच्या स्त्रीकेसराला तिचं अंग लागतच नाही. तिथे भुंगाच लागतो. माउलींनी सांगितलेला, कोरडं लाकूड पोखरणारा आणि कोवळ्या कळीत सापडणारा भ्रमर हाच. सातशे वर्षांपूर्वी त्याची सवय नेमकी टिपलेली आणि आज आपण वाळलेली फांदी दिसली की तोडून चुलीत घालतो.

हुरडा
परजीवींचा मुद्दा मान्य, बाहेरून आणू नये. पण रानवेडा, तुमचा भुंगा विहीरकाठांच्या जाळीतून आत कसा शिरणार? चाळीस मेशची जाळी आहे ती. देशी माशीचं कौतुक उघड्या शेताला ठीक. पॉलिहाऊसवाल्याने काय करायचं ते सांगा.

सातेरी
हुरडा यांनी योग्य जागी बोट ठेवलं. मी महाबळेश्वर भागात सातेरीच्या पेट्या ठेवतो, लोकांच्या बागांना भाड्यानेही देतो. टोमॅटोच्या पॉलिहाऊसवाल्यांनी विचारलं तर मी पेटी देत नाही. माश्या फुलाला विचारत नाहीत, छताला धडका घेऊन मरतात. पॉलिहाऊसमधल्या बिनबियांच्या काकडीला तर परागीभवन नकोच असतं, फळ वेडंवाकडं होतं.

टोमॅटोला पॉलिहाऊसमध्ये हाताने हलवणं हाच आज आपला उपाय. ज्या तारेवर झाडं टांगलीत ती तार सकाळी दहा ते एकच्या दरम्यान काठीने टपटपवत जायचं, एक दिवसाआड. सकाळी लवकर नको, पराग दमट असतात, चिकटून राहतात. पाठीवरचा ब्लोअर असेल तर घोसांवर लांबून झोत फिरवला तरी चालतं. चेरी टोमॅटोचे घोस मोठे असतात म्हणून थरथरणारी कांडी आणखी चांगली.

नचिकेत_क
म्हणजे कुंदाताईंचा टूथब्रश, शेतकरी आवृत्ती.

कुंदाताई
पेटंट घेऊन ठेवते. 😀

अबोली_एडिनबरा
अवांतर होईल, पण बंबलबीच्या बुद्धीबद्दलही कोणी लिहा ना. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात २०१७ मध्ये त्यांना छोटा चेंडू ढकलत खड्ड्यात न्यायला शिकवलं. एकीचं बघून दुसरी शिकली, आणि काही जणींनी तर बघितलेल्यापेक्षा जवळचा चेंडू निवडला. तिळाएवढ्या मेंदूत हे सगळं! अशा जिवाला नुसतं "परागीभवनाचं साधन" म्हणायला माझं मन धजत नाही.

देवदार
+१. राण्या सांभाळताना मलाही हेच वाटायचं.

विहीरकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल आत जाऊन काळ्या कागदावर फूल टिचकी मारून बघितलं. सकाळी आठला पूड पडली नाही, अकराला पडली. म्हणजे सातेरी म्हणतात ते वेळेचं गणित बरोबर आहे. तार टपटपवायला आजपासून सुरुवात केली. अर्ध्या ओळी हलवणार, अर्ध्या तशाच ठेवणार, म्हणजे घोसाला किती फळं धरतात ते शेजारीशेजारी दिसेल. छतावर शेडनेट मार्चच्या आधी चढवतोय. परदेशी पेटी कोणी आणून दिली तरी घेणार नाही, त्या डालबोमीचं वाचून मन उडालं.

उघड्यावरच्या टोमॅटो आणि वांग्यासाठी मात्र भुंगे वाढवायचेत. विहिरीच्या कडेला जुना पांगारा वाळून उभा आहे, तो तोडायचं ठरलं होतं, आता राहू देतो. बांबूचे तुकडे बांधायचे तर कसे बांधू?

सातेरी
पांगारा राहू द्याच, मऊ लाकूड त्यांना आवडतं. बांबू वाळलेला घ्या, आत बोट जाईल एवढा पोकळ. एका टोकाला पेर शाबूत ठेवा, दुसरं टोक उघडं. आडवे बांधा, उघडं टोक किंचित खाली झुकलेलं, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही. विहिरीच्या शेडखाली सावलीत, पूर्वेकडे तोंड करून. आणि त्याच्या दहा-वीस पावलांत फवारणीची टाकी भरू नका.

तापीकाठची_लता
बांधावर थोडा ताग आणि दोन शेवगे पण लावा दादा. टोमॅटो-वांग्याच्या फुलात मकरंद नाही, भुंग्याला पोटाला तर हवं. आणि त्या हलवलेल्या ओळींचं काय झालं ते इथेच कळवा, मला आमच्या शेडनेटमधल्या वांग्यासाठी हवंय.